दोन बोटांची ढील

जे बिघडले कसे हे कळत नाही ते बदलून टाकावे, हा आजच्या धंद्याचा सर्वमान्य नियम झाला आहे; आणि या नियमाविषयी डिप्लोमाला जितका संताप होता तितका त्या गल्लीत दुसऱ्या कुणालाही नव्हता. डिप्लोमा हे काही तिचे पाळण्यातले नाव नव्हे. सेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, कानामागे पेन्सिल खोचून गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरणाऱ्या त्या बाईला गॅरेजांच्या गल्लीने दिलेली ती पदवी होती, आणि ती देताना गल्लीने आदर आणि टिंगल यांचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवले होते.

विद्युत अभियांत्रिकीची पदविका तिने पहिल्या वर्गात मिळवली होती. त्या जोरावर ती वीज खात्यात मुलाखतीला गेली, तेव्हा टेबलापलीकडच्या तीन गृहस्थांनी तिला एकच प्रश्न विचारला : बाई, तुम्ही खांबावर चढाल का? तिने उलट विचारले, "आपल्यापैकी कोण कोण चढतं?" मुलाखत तिथेच आटोपली. त्यानंतर तिने त्या कार्यालयाला अकरा तक्रार-अर्ज लिहिले. सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद, सोबत जोडलेल्या कागदांच्या यादीसह. दोन अर्जांची पोच आली. उरलेल्या नऊ अर्जांची ती अजून वाट पाहत होती असे नव्हे, पण त्यांच्या नकला तिने फेकल्याही नव्हत्या. दुकानातल्या कपाटात, फ्यूजच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, ती फाईल होती.

वडिलांच्या दुकानात ती आली ती नाइलाजाने, आणि तेवीस वर्षे राहिली ती हट्टाने. एका शटरचे ते दुकान. आत शिरताच बॅटरीच्या आम्लाचा आणि डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास. डाव्या भिंतीवर रंगवार टांगलेली तारांची वेटोळी, उजव्या भिंतीवर जुने हॉर्न, स्टार्टर आणि फुटक्या काचांचे मीटर. आणि दाराशी, सकाळचे ऊन जिथवर येऊन थबकते त्या रेषेवर, वडिलांची खुर्ची.

वडिलांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेची चौथी इयत्ता त्यांनी ओलांडली नव्हती आणि पुस्तकातला एकही नियम त्यांना पाठ नव्हता. पण बंद गाडीच्या डायनामोवर हाताची पालथी बाजू टेकवून, तो कोमट लागतो की गार, एवढ्यावरून आतला डायोड गेला आहे की नाही हे ते सांगत, आणि लेकीचा मीटर मागाहून त्यांच्या म्हणण्याला निमूटपणे मान डोलावी. याचा तिला अभिमान वाटे, आणि तितकाच रागही येई.

दोन वर्षांपासून मात्र त्यांचे हात थरथरत होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. तिथे तांदळाएवढ्या जागी डाख कुठला देणार? काम सुटले, नाव तेवढे राहिले. आणि ते नाव एका गाठीत बांधलेले होते.

ती गाठ अशी. अण्णा तारांचा जुडगा कापडी पट्टीने गुंडाळत आणि त्यावर दर चार बोटांवर मेण लावलेल्या दोऱ्याचे सात वेढे देऊन गाठ मारत. दोऱ्याचे टोक वेढ्यांच्याच पोटात असे दडपलेले असे की नखाने शोधले तरी सापडू नये. जुडगा इतका ताठ बसे की आत तारा नसून सळी आहे असे वाटावे. लेकीच्या तारा त्या मानाने सैल असत, आणि अण्णा ते बोलून दाखवल्याशिवाय राहत नसत.

"ही वायरिंग केलीस की दोरीवर चादर वाळत घातलीस?"

"अण्णा, इंजिन चालताना हलतं. तारेला ढील हवी. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकाला म्हणावं, एकदा दुकानात ये आणि माझी एक तरी तार तुटलेली दाखव."

पुस्तक काही आले नाही. वर्षे गेली. दरम्यान गल्लीत एक रीत पडून गेली : अण्णांची गाठ उघडायची नाही. कुणी कधी अण्णांची गाठ कापून दोष शोधला होता, आत काहीच न सापडल्याने तोंडघशी पडला होता, आणि तेव्हा अण्णा चारचौघांत एवढेच म्हणाले होते, "माझी गाठ कापण्याआधी मला विचारत जा." विचारण्याची सूचना होती; गल्लीने तिचा मनाई-हुकूम केला. पुढे कुठल्याही मिस्त्रीचा हात तारेचा माग काढत काढत त्या सात वेढ्यांपाशी आला की तिथूनच माघारी फिरे. त्याखाली दोष असणे शक्यच नाही, हे सर्वांनी गृहीत धरले होते. विचारायला मात्र कोणीही आले नाही.

एका मंगळवारी सकाळी पोस्टमास्तरीणबाई आल्या. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती, पण बोलणे अजून खिडकीपलीकडून बोलल्यासारखे स्वच्छ आणि तुटक होते. त्यांची फिकट निळी गाडी शेजारच्या टायरवाल्याने ढकलत आणली.

"बॅटरी?" डिप्लोमाने विचारले.

"दोन बदलून झाल्या."

"डायनामो?"

"तोही झाला."

"कटआउट?"

"बाई, त्या गाडीत आता माझ्याखेरीज जुनं काही उरलेलं नाही. तुमच्या समोरच्या साहेबांनी सगळं बदललं. थंडगार खोलीत बसवतात, मासिकं देतात. कॉम्प्युटरसुद्धा आणला होता. पण या गाडीला तो लावायचा कुठं, हे त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही."

समोरचे साहेब म्हणजे डिप्लोमाचा चुलतभाऊ. अण्णांच्याच हाताखाली सहा वर्षे शिकलेला, आणि आता रस्त्यापलीकडे काचेच्या दारांचे सर्व्हिस सेंटर थाटून बसलेला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त शोधण्याचा कंटाळा होता, आणि या कंटाळ्याला काळाची मान्यता मिळाली होती.

"गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते," पोस्टमास्तरीणबाई सांगू लागल्या. "कधी चार दिवस टिकते, कधी एका दिवसात आटोपते. गाडी चालताना समोरचा तो चार्जिंगचा लाल दिवा मधूनच डोळे मिचकावतो. मुलानं शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय. म्हणतो, आई, पुरे झालं. मी पस्तीस वर्षं टपाल सांभाळलं. एखादं पत्र पोचलं नाही तर आम्ही पेटी बदलत नव्हतो. ते कुठं अडकलं ते शोधत होतो."

हे वाक्य ऐकून डिप्लोमाला ती बाई तत्क्षणी आवडली. आपल्या तक्रारीत सहभागी होणारा मनुष्य या जगात दुर्मीळ असतो.

तिने बॉनेट उघडले, आणि आत पाहताच तिचा हात जागच्या जागी थांबला. अठरा वर्षांपूर्वी उंदरांनी या गाडीची वायरिंग कुरतडली होती, तेव्हा अण्णांनी ती अख्खी नव्याने घातली होती. डायनामोपासून बॅटरीपर्यंत, काटकोनात, ताठ, दर चार बोटांवर सात वेढे. त्यांच्या हातचे इतके देखणे काम तिनेही फारसे पाहिले नव्हते.

अण्णा खुर्चीवरून उठून आले, हाताची पालथी बाजू डायनामोवर टेकवली, आणि म्हणाले, "गार आहे. याचा दोष नाही." मग जुडग्याकडे एक नजर टाकून परत जाऊन बसले. त्या नजरेत जे समाधान होते ते डिप्लोमाने पाहिले.

चोरवाटेने जाणारा विद्युत्प्रवाह पकडण्याची तिची पद्धत साधी होती. बॅटरीची काळी तार सोडवायची आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा दिवा जोडायचा. गाडीतले सर्व बंद असताना दिवा लागू नये. लागला, तर समजावे की कुठूनतरी वीज गळते आहे. मग एकेक रस्ता बंद करत जायचे. ज्या रस्त्याने दिवा विझेल तो रस्ता चोराचा. शिवाय दिवा मध्ये असला की प्रवाहाला लगाम बसतो आणि उघड्या तारेने आग लागत नाही.

बुधवारी दिवसभर दिवा लागलाच नाही. उजेडात मंद प्रकाश दिसत नसेल म्हणून तिने बॉनेटवर जुनी चादर टाकली आणि तिच्याखाली घुसून बसली. काळोखच. दुपारी चुलतभाऊ किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत आला आणि चादरीला उद्देशून म्हणाला, "ताई, फोटो काढतेयस का?"

"तुझ्या कामाचा काढतेय. दोन चांगल्या बॅटऱ्यांचा खून."

"दिवा लागला का?"

"लागेल."

"शनिवारच्या आत लागू दे म्हणजे झालं. भंगारवाल्याला उजेड लागतो."

ती चादरीखालून बाहेर आली नाही. पण तो रस्ता ओलांडून गेल्यावर तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. गाडी कधी चार दिवस टिकते आणि कधी एकच, याचा अर्थ दोष स्थिर नाही. मग गाडीत स्थिर नसणारे असे काय आहे? इंजिन. ते रबराच्या पायांवर बसलेले असते. थांबताना दर वेळी थोडे निराळे टेकते, कधी या अंगावर, कधी त्या.

गुरुवारी सकाळी तिने गाडी गिअरमध्ये टाकली आणि टायरवाल्याला हाक मारली. "मागून ढकला. पण हळू. गाडी जाता कामा नये, नुसती डुलली पाहिजे."

"बाळाला झोपवायचंय म्हणा की," असे म्हणत टायरवाल्याने खांदा लावला.

गाडी डुलली, इंजिन एका बाजूला कलले, आणि चादरीखाली दिवा लागला. लालसर, विडीच्या टोकाएवढा. टायरवाल्याने जोर सोडला की मंद होई, जोर दिला की वाढे. डिप्लोमाच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून टायरवाला घाबरला. त्याला वाटले तिला झटका बसला.

पुढचे काम ठरीव क्रमाने झाले. तिने सगळे फ्यूज काढले. दिवा जळतच राहिला. म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर, सगळे निर्दोष. डायनामोच्या टोकाची तार सोडवली. दिवा जळतच राहिला. म्हणजे डायनामो निर्दोष, अण्णांच्या पालथ्या हाताने सांगितले होते तसाच. शेवटी डायनामोकडून येणारी ती जाड तार तिने बॅटरीच्या टोकालाही सोडवली.

दिवा विझला.

तिने तार पुन्हा टेकवली, लागला. उचलली, विझला. म्हणजे चोर त्या दीड हाताच्या तारेत होता, आणि दुसरीकडे कुठेही असणे शक्य नव्हते. ती दीड हाताची तार अण्णांच्या जुडग्यात होती. कापडी पट्टीखाली. आठ गाठींखाली.

तिने चादर बाजूला केली. टायरवाल्याने जुडग्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि "मला एक पंक्चर आठवलं," असे पुटपुटत तो निघून गेला. समोरून चुलतभाऊ आला. या वेळी त्याच्या किल्ल्या वाजत नव्हत्या. दारातल्या खुर्चीवर अण्णा छातीवर हनुवटी टेकवून पेंगत होते. त्यांच्याकडे एकदा बघून त्याने तिला गाडीच्या मागच्या बाजूला नेले.

"सापडलं?"

"सापडलं."

"तिथंच?"

तिने मान हलवली.

"मला शंका आली होती," तो म्हणाला. "पहिल्याच बॅटरीच्या वेळी."

"मग उघडलं का नाहीस?"

"तू उघडणार आहेस?" त्याने विचारले, आणि आवाज आणखी खाली आणला. "ताई, ऐक. उघडूच नकोस. अख्खा जुडगा काढ आणि नवीन घाल. माझ्याकडे तयार आहे, संध्याकाळपर्यंत होईल. जुना मी नेतो, भंगारात टाकतो. गाठ गेली, तिच्यात जे काय असेल तेही गेलं. गाडी चालेल, बाई खूश, अण्णांना कुणी काही बोलणार नाही. त्यांच्याकडे आता दुसरं आहे काय? हात गेले. निदान नाव तरी राहू दे."

तो मनापासून बोलत होता, हेच सर्वांत वाईट होते. तेवीस वर्षे ज्या नियमाला तिने तोंडभरून शिव्या दिल्या, जे कळत नाही ते बदलून टाका, तोच नियम आज तिच्या दारात प्रेमाचा अंगरखा घालून उभा होता. आणि तिला तो मानावासा वाटला. जेवणाच्या सुट्टीत ती दुकानाच्या मागच्या खोलीत डबा पुढ्यात घेऊन बसली आणि झाकणही उघडले नाही. वडिलांचे नाव जपायचे तर त्यांचे काम गुपचूप फेकून द्यायचे; आणि त्यांच्या कामाचा मान राखायचा तर ते सर्वांसमोर कापायचे. तिने अकरा अर्जांत जगाला जाब विचारला होता. त्या जगातल्या एकाही साहेबाने 'चूक आमची' असे एका ओळीत लिहून कळवले नव्हते. आता तीच ओळ आपल्या घरातून जायची वेळ आली, तर आपणही फाईल गहाळ करायची?

डबा तसाच ठेवून ती बाहेर आली. अण्णांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"अण्णा, तुम्हाला एक विचारायचं होतं."

अण्णांनी डोळे उघडले. "वीस वर्षं लागली," ते म्हणाले.

"कशाला?"

"कुणीतरी विचारायला यायला. बोल."

"तुमची गाठ कापायला लागणार."

"ते ऐकलं मघाशीच. मी डोळे मिटले होते, कान नाही. तू काय करतेस ते बघत होतो. दिवा कितपत लागतोय?"

"मंद. इंजिन कललं की वाढतो."

"कुठल्या अंगाला कललं की?"

"डायनामोच्या विरुद्ध."

अण्णांनी दुरूनच जुडग्याकडे पाहिले. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले, गाडीपाशी आले आणि थरथरत्या बोटाने त्यांनी तो जुडगा छेडला. तारवाद्याची तार तपासावी तसा. जुडगा टणत्कारला. त्यांनी पुन्हा छेडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला दुःख म्हणता येणार नाही. स्वतःचेच जुने पत्र उघडून वाचताना एखादी घोडचूक सापडावी, तसे काहीतरी होते ते.

"पाना आण," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच सुधारून, "पाना कशाला, ब्लेड आण."

एव्हाना गल्लीला वास लागला होता. टायरवाल्याचे पंक्चर आपोआप बरे झाले होते. चुलतभाऊ आला, त्याच्या मागे निळ्या गणवेशातले त्याचे दोन मिस्त्री. पोस्टमास्तरीणबाई चौकशीला आल्या होत्या, त्याही तिथेच थांबल्या. डिप्लोमाने ब्लेड आणले. अण्णांनी ते हातात घेतले. हात थरथरला, आणि ते पाते गाठीपर्यंत पोचेना. त्यांनी ते तिच्या हातात दिले.

"काप."

"अण्णा, एवढी माणसं आहेत."

"म्हणून तर आत्ता काप. ती गेल्यावर कापलीस तर म्हणतील, लपवलं."

तिने कापले. एक गाठ, दुसरी, तिसरी. मेणाचा दोरा अठरा वर्षांनीही इतका चिवट होता की पात्याला जोर द्यावा लागला. कापडी पट्टी उलगडली. आत, मधोमध, अण्णांनी दिलेला डाखाचा जोड होता : भरीव, गोल, आणि काल दिल्यासारखा चकचकीत.

"जोड बघ," अण्णा म्हणाले. "जोड कसा आहे?"

"आरशासारखा."

"आणि चूक?"

तिने जुडगा उलटा केला. जोडापासून दोन बोटे पुढे, जिथे तो गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडी पट्टीच्या कडेवरून वळत होता, तिथे पट्टीने कापड कापले होते, रबर कापले होते, आणि आत तांब्याचे तीन-चार केस उघडे पडून हिरवे झाले होते. कडेवर बारीक, काळा, जळका डाग होता.

"दोन बोटं पुढे," ती म्हणाली.

अण्णा वाकले. चष्मा वर करून त्यांनी तो डाग बराच वेळ पाहिला.

"ताण," ते सरळ होत म्हणाले. "जोड नाही फसला. ताणानं खाल्लं. इंजिन हलत राहिलं आणि मी याला हलायला जागाच ठेवली नव्हती. दोन बोटं ढील दिली असती तर माझ्यापेक्षा जास्त जगली असती ही तार." मग ते लेकीकडे वळले. "काय म्हणायचं तुझं ते पुस्तक?"

"तारेला ढील हवी."

"आलं शेवटी दुकानात. उशिरा आलं, पण आलं."

चुलतभाऊ पुढे झाला. "अण्णा, अठरा वर्षं म्हणजे काय कमी झाली? कुठल्या कंपनीची तार अठरा वर्षं..."

"तू गप," अण्णा म्हणाले. "दोन बॅटऱ्या काढल्यास. एक डायनामो काढलास. दर वेळी या गाठीपाशी येऊन परत गेलास ना?"

"तुमची गाठ होती, अण्णा."

"माझी गाठ म्हणजे काय कोर्टाचं सील आहे? विचारा म्हटलं होतं. घाबरा नव्हतं म्हटलं. सहा वर्षं तुला शोधायला शिकवलं आणि तू भ्यायला शिकलास? ही तार पूर्ण टेकली असती तर बाई गाडीत असताना पेटली असती. माझ्या नावाखाली बाई जळाल्या असत्या, आणि तुम्ही सगळे म्हणाला असतात, गाठ काय सुंदर होती!"

कुणी हसले नाही. हसल्या त्या फक्त पोस्टमास्तरीणबाई. "मिळालं पत्र," त्या म्हणाल्या.

नवी तार डिप्लोमाने त्याच दुपारी घातली. जाड, रबराच्या नळीत ओवलेली, मध्ये फ्यूज दिलेली, आणि पट्टीपाशी नीट वळण घेऊन सैल सोडलेली. अण्णा शेजारी उभे राहून पाहत होते. ती दोरा बांधायला लागली तेव्हा त्यांनी बोट घालून तार हलवून पाहिली.

"अजून दोन बोटं दे," ते म्हणाले.

"चादर वाळत घातल्यासारखी दिसेल."

"दिसू दे. तुटणार तरी नाही."

तिने ढील वाढवली. दिवा पुन्हा जोडला, टायरवाल्याने गाडी डुलवली, आणि चादरीखाली काळोख राहिला. असा काळोख पाहण्यासाठी ती तीन दिवस झटली होती.

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा गाडी दारात सुरू होऊन उभी होती. त्याचाच टेम्पो परत जाताना चालू होईना. पोस्टमास्तरीणबाईंनी स्वतःच्या बॅटरीवरून त्याला वीज दिली आणि वाटेला लावला. हे त्यांनी सोमवारी दुकानात येऊन तीन वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी टेम्पो थोडा मोठा झाला होता.

पण त्या सोमवारी खरे काम निराळेच चालले होते. अण्णा खुर्चीवर बसून आठवत होते आणि डिप्लोमा लिहून घेत होती. माणसे त्यांना आठवत नव्हती, गाड्या आठवत होत्या. दंतवैद्याची पांढरी, तिचा डावा दिवा वाकडा. दोन भावांची हिरवी, एकाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या अंगणात. वाद्यवृंदवाल्याची लांबलचक. ज्यांत त्यांच्या हातचा जुडगा होता आणि ज्या अजून रस्त्यावर होत्या अशा चौदा गाड्या निघाल्या.

"चौदा जणांना काय कळवायचं?" तिने विचारले.

"तुला लिहिता येतं ना? अकरा लिहिलेस. बारावा लिही. सगळ्यांना एकच."

तिने लिहिला. सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद. 'आपल्या वाहनाची वायरिंग आमच्या हातून झालेली आहे. ती बांधताना तारेस पुरेशी ढील ठेवली गेली नाही, असे आता निदर्शनास आले आहे. चूक आमची आहे. कृपया वाहन तपासणीसाठी आणावे.' तेवीस वर्षे जी ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने यावी म्हणून तिने वाट पाहिली, ती आज तिच्याच अक्षरात, तिच्याच वडिलांच्या सहीसाठी तयार झाली. अण्णांनी चौदा वेळा सही केली. प्रत्येक सही वाकडीतिकडी, थरथरती. एकही दुसरीसारखी नाही. त्यांनी सहीऐवजी शिक्का मारू दिला नाही.

पत्रे पोस्टात टाकायला ती उठली, तेव्हा पोस्टमास्तरीणबाईंनी हात पुढे केला. "इकडे द्या. पत्ते मला पाठ आहेत. आणि गाडी सुरू आहे."

दोन दिवसांत त्या चौदा घरी जाऊन आल्या आणि प्रत्येकाकडून सही घेऊन आल्या. चौदांच्या चौदा पोचा. डिप्लोमाने कपाट उघडले, फ्यूजच्या डब्यांवरची ती जुनी फाईल काढली आणि त्या चौदा पोचा सर्वांत वर लावल्या. खालच्या दोन पोचा त्यापुढे फारच किरकोळ दिसू लागल्या.

आठवडाभर गल्लीत जुन्या गाड्यांची रांग लागली. बॉनेट उघडायचे, अण्णांनी येऊन जुडगा छेडायचा. "ही वाजली. काप." "ही नाही वाजत. तरी काप, बघू दे." पाच गाड्यांत लोखंडी पट्टीने कापड खाल्लेले निघाले, नऊ गाड्यांत जुडगा जसा बांधला तसा होता. चौदाही जोड चकचकीत निघाले, आणि दर वेळी ते पाहायला समोरच्या काचेच्या दारातून निळे गणवेश धावत येत. चुलतभाऊ स्वतःहून ब्लेड घेऊन उभा राही. चौथ्या गाडीपासून त्याने विचारायला सुरुवात केली, "अण्णा, कापू?" आणि अण्णा दर वेळी म्हणत, "विचारलंस ना? मग काप."

शेवटची गाडी दंतवैद्याची होती. डिप्लोमाने तार घातली, ढील दिली, दोरा गुंडाळला. सात वेढे तिलाही येत होते, पण टोक तिने आत दडपले नाही. बोटाने ओढता येईल असे बाहेर सोडले.

"टोक राहिलं," एक निळा गणवेश म्हणाला.

अण्णांनी त्या टोकाकडे पाहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला चहाचा कप जपून खाली ठेवला.

"राहिलं नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलीनं ठेवलंय. उद्या दिवा लागला तर तिथून ओढा. तिला विचारायचीही गरज नाही."